तंबाखू खायला नव्हती

विनिपेग, कॅनडा, 4 ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तब्येत उत्तम आहे. वेळेवर जेवतो. थर्मलचे दोन जोड आहेत, त्यामुळे थंडीचा विषय बंद.

आधी तंबाखूचं. ताईला फोनवर सहज बोललो आणि तिने लगेच तुमच्या कानावर घातलं. हो, मी तंबाखू विकत घेतली. पण खायला नाही आणि ओढायलाही नाही. पैसेही ऑफिसने दिले. 30 सप्टेंबरच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे दुपारी डबा खाता खाता इथल्या मूळ रहिवाशांवरचे सिनेमे दाखवतात. शेवटच्या दिवशी एका आजींना बोलावलं होतं, इथल्या मूळ रहिवाशांपैकी क्री समाजाच्या. नुसत्या वयाने मोठ्या नव्हेत, समाजाने जाणतं मानलेल्या. इथे 'एल्डर' म्हणतात. तर अशा माणसाकडून काही ऐकायचं असेल तर आधी थोडी तंबाखू पुढे धरायची आणि काय हवंय ते सांगायचं. त्यांनी घेतली म्हणजे होकार. नाही घेतली तर आग्रह करायचा नाही. त्या ती ओढत बसत नाहीत, प्रार्थना करून जमिनीवर ठेवतात किंवा अग्नीत सोडतात. बाबा, आपल्याकडे गोंधळ्याला सुपारी द्यायचे ना, तसंच. (हल्ली 'सुपारी' म्हटलं की लोक भलतंच समजतात, ते सोडा.) कार्यक्रमाच्या समितीत मी सगळ्यात नवा, म्हणून आणायचं काम माझ्याकडे आलं. एवढीच गोष्ट.

काकांनाही सांगा की फोटोतला नारंगी शर्ट कुठल्या पक्षाचा नाही. 1973 साली फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मुलगी आजीने घेऊन दिलेला नवा नारंगी शर्ट घालून निवासी शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत दिलाच नाही. म्हणून 30 सप्टेंबरला सगळे नारंगी घालतात. आमच्या मॅनिटोबा प्रांतात आता त्या दिवशी सुट्टीही असते.

या शाळा सरकारच्या पैशावर चर्च चालवायची. मूळ रहिवाशांची दीड लाखाहून जास्त मुलं घरापासून तोडून तिथे ठेवली. केस कापायचे, घरची भाषा बोललं की शिक्षा. मला वाटायचं फार जुनी गोष्ट असेल, पण शेवटच्या शाळा 1990 च्या दशकात बंद झाल्या. ताई तेव्हा बालवाडीत होती! पुढे चौकशी आयोग बसला. त्याने 2015 मध्ये 94 शिफारशी केल्या, त्यातली 92 वी कंपन्यांसाठी आहे: आपल्या माणसांना हा इतिहास शिकवा. आमचे सिनेमे त्यातूनच आले. काही जण फुकटच्या सँडविचसाठी येतात. पहिल्या वर्षी मीही त्यातलाच.

शेवटचा सिनेमा अलानिस ओबोमसाविन यांचा होता, उत्तरेकडच्या नॉर्वे हाउसच्या शाळेवरचा. तिथे आता मुलं शाळेतच क्री भाषा शिकतात. शाळेला हेलन बेटी ऑस्बोर्नचं नाव दिलंय. ती तिथलीच. शिक्षिका व्हायचं म्हणून घर सोडून शिकायला गेली आणि 1971 मध्ये तिचा खून झाला. (बाबा, एवढं वाक्य आईला वाचून दाखवू नका. ते गाव इथून खूप लांब आहे.)

दिवे लागल्यावर कुणीतरी आजींना विचारलं, तुम्हाला क्री येते का? त्या म्हणाल्या, "थोडी. आईला येत होती, पण तिने शिकवली नाही. मला मार बसू नये म्हणून."

तेव्हा मला तुमची आश्रमशाळा आठवली, बाबा. तसं नव्हतं, मला माहीत आहे. तापलेल्या पोरांच्या उशाशी तुम्ही रात्र रात्र बसायचात. तुमच्या हाताखालची किती जण आज नोकरीला आहेत. पण कुणी वर्गात वारलीत बोललं की तुम्ही टेबलावर पट्टी आपटून "शुद्ध बोल" म्हणायचात. आणि सगळ्यात मोठ्याने हसायचो मी, मास्तरांचा मुलगा. त्या रविवारी फोनवर हेच विचारणार होतो, पण पावसाचं विचारून ठेवून दिला. उत्तर नाही लिहिलंत तरी चालेल.

पैसे पंधरा तारखेला पाठवतो, या वेळी जरा जास्त आहेत. छपराचं काम सुरू करा, माझ्यासाठी थांबू नका. दिवाळीला येणं जमत नाहीये. कागदपत्रं अडकलीत आणि तिकीटही परवडत नाही, खरं दोन्ही. स्थळाचा बायोडाटा पाहिला. मुलगी चांगली वाटते, मी बोलेन. पण इतक्या लांब यायची तिची इच्छा आहे का, ते तिला विचारा, तिच्या वडिलांना नको. आई, रागावू नकोस. मी नाही म्हणत नाहीये.

फराळ पाठवू नकोस, कुरिअरला फार पैसे पडतात. पाठवलासच तर चकल्या थोड्याच घाल.

तुमचा,
धाकटा