चर्चचा रॅम्प फोटोपुरता नको

मा. संपादक,

वसईत सध्या कुठल्याही चर्चात जा, काही ना काही काम चालूच असतं. कुठे नवीन फरशी, कुठे एलईडी लायटिंग, कुठे साउंड सिस्टीम. चांगलंच आहे, लोक हौसेने वर्गणी देतात. पण व्हीलचेअरवरचा माणूस कुणाला हाक न मारता रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, येऊन बसू शकतो का, हा विषय पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या समितीच्या, मीटिंगमध्ये किती वेळा निघतो?

आमच्या चर्चचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एकट्या आमच्या चर्चची नाहीच. आमच्याकडे रॅम्प आहे, अगदी उद्घाटन बिद्घाटन होऊन. पण हिशोब बघा, दारात तीन पायऱ्या, सहा-सहा इंच धरल्या तरी दीड फूट उंची, आणि सरकारी नियम असा की एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी, म्हणजे अठरा फुटी रॅम्प पाहिजे. आमचा जेमतेम सहा फूट, का तर म्हणे पार्किंगची जागा जाते. वर चकचकीत ग्रॅनाईट, कठडा एकाच बाजूला, आणि आपल्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने त्याच्यावर शेवाळ. अर्धांगवायू झाल्यापासून माझी आई व्हीलचेअरवर आहे. चढवताना मला धाप लागते आणि उतरताना ती डोळे मिटून रोझरी घट्ट धरून बसते. मग चार पोरं धावत येतात, खुर्चीसकट उचलतात. पोरं गुणी आहेत, त्यांना दोष नाही, पण आईला ते मुळीच आवडत नाही, म्हणते, मी काय मिरवणुकीतली मारियामाता आहे का? एकाने मला बायबलमधल्या कफर्णहूम गावच्या त्या चौघांची आठवण करून दिली, छप्पर उघडून आजाऱ्याला खाली सोडणारे. अहो, पण तिथे दारात गर्दी होती, इथे पायऱ्या आपणच बांधल्यात.

बरं, आत गेलं की संपलं असंही नाही. बाकं एवढी ठासून लावलेली की खुर्ची ठेवायची कुठे, तर मधल्या वाटेत, म्हणजे कम्युनियन (पवित्र भाकर) घ्यायच्या रांगेला अडथळा, नाहीतर पार मागे खांबाच्या आड. पुढची-मधली दोन-तीन बाकं थोडी आखूड करून घेतली तर माणूस आपल्या घरच्यांच्या शेजारी बसेल, सुताराचं असं कितीसं काम आहे ते. आजारपणाआधी आई मिस्सात बायबलचं पहिलं वाचन करायची, आवाज अजून खणखणीत आहे, पण वाचनाची जागा वेदीच्या पायऱ्या चढून वर, त्यामुळे यादीतून नाव गेलं. कुणी मुद्दाम काढलं नाही, नुसतं कुणी विचारलं नाही. खाली एक माईक स्टँड ठेवला असता तरी भागलं असतं. आणि टॉयलेट! हॉलच्या मागे, दार इतकं अरुंद की खुर्ची आत जातच नाही, म्हणून आई रविवारी सकाळपासून पाणी पीत नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं तर कुणी नावच काढत नाही. गाण्यांचे शब्द स्क्रीनवर येतात, मग वाचनं आणि प्रार्थना टाकायला काय हरकत आहे?

ही मेहरबानी नाही, कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कामासाठी वापरली जाणारी इमारत स्पष्ट येते, खासगी असली तरी. नियम जून २०१७ मध्ये आले, जुन्या इमारतींना त्यापुढे पाच वर्षं दिली होती, तीही २०२२ ला संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की हे निकष नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, सक्तीचे नियम करा. देवळं, मशिदी, सगळ्यांनाच हे लागू आहे, पण मी माझ्या घरापुरतं बोलतोय.

काही जण म्हणतात पोर्तुगीजकालीन बांधकाम आहे, हात लावता येत नाही. दर्शनी भाग तोडा असं कोण म्हणतंय? बाजूचं दार बहुतेक ठिकाणी कमी उंचीचं असतं, तिथे सुटा लोखंडी रॅम्प बसतो, उद्या काढलाही तरी भिंतीला ओरखडा नाही. फक्त त्या दाराला कुलूप घालून किल्ली सॅक्रिस्टीत, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीत, ठेवू नका. आणि खरं सांगायचं तर जुन्या फरशीवर व्हिट्रिफाईड टाईल्स चिकटवताना हेरिटेज कुणाला आठवलं नव्हतं.

पुढच्या कामाचा नकाशा पास होण्याआधी धर्मग्रामातल्या दोन-चार दिव्यांगांना मीटिंगला बोलवा, तेही वरच्या मजल्यावर नको. आणि रॅम्प झाला की बिल देण्याआधी कॉन्ट्रॅक्टरला व्हीलचेअरवर बसवून त्याच्यावरून एकदा खाली सोडा, शक्यतो जुलैमध्ये.

— एक धर्मग्रामस्थ, वसई