‘कितला लिधात?’ हा आक्षेप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यात्रांचा हंगाम आला की खान्देशात गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात आणि पाठोपाठ पंच व प्रशिक्षक यांच्यातील वादाच्या बातम्याही येऊ लागतात. क्रीडाशिक्षक असताना आणि निवृत्तीनंतरही मी अनेक वर्षे अशा सामन्यांत शिटी वाजवली आहे, म्हणून या बातम्यांत सहसा न येणारी बाजू मांडतो.

निर्णयावर हरकत घेणे वेगळे आणि ‘कितला लिधात?’, म्हणजे ‘किती घेतलेत?’, असे विचारून पंचाने पैसे खाल्ले म्हणणे वेगळे. हरकतीचे मला कधी वाईट वाटले नाही. चढाईपटूचा पुढचा पाय जादा गुण देणाऱ्या बोनस रेषेपलीकडे पडला तेव्हा मागचा पाय हवेत होता की टेकलेला, हे पापणी लवायच्या आत ठरवावे लागते; त्यात मातीवर फक्कीने मारलेली रेषा उत्तरार्धापर्यंत निम्मी पुसलेली असते. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना लॉबीच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यांच्या, जुन्या-नव्या नियमावरून बराच वेळ थांबला होता, तिथे आमच्या यात्रेतल्या सामन्यांची काय कथा!

दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातील एका गावी, गुण बरोबरीत असताना, पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाने गुणलेखकाच्या टेबलाशी येऊन सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, “कितला लिधात भो?” मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. पुढच्याच चढाईत त्यांच्या गड्याचा हात बचावपटूच्या खांद्याला लागल्याचे मला नीट दिसले नव्हते, तरी मी गुण दिला. मी विकला गेलेलो नाही, हे चारचौघांत दाखवायचे होते, एवढेच कारण. माझा तोच एक निर्णय मला अप्रामाणिक वाटतो, आणि तो एक पैसाही न घेता दिलेला आहे.

तेव्हापासून असे वाक्य कानी पडताच मी वेळ थांबवतो, दोन्ही कर्णधारांना बोलावतो आणि प्रशिक्षकाला तेच वाक्य गुणपत्रकाच्या पाठीवर सहीनिशी लिहून द्यायला सांगतो. बहुतेक जण “तसं नव्हतं सर, रागात निघून गेलं,” म्हणत बाकावर जाऊन बसतात. लिहून देणारा एकच भेटला. तो कागद आयोजकांच्या हाती देऊन मी उरलेल्या सामन्यांतून स्वतःच बाजूला झालो, कारण आरोप खरा असेल तर त्याची चौकशी व्हायलाच हवी आणि ती मी करू शकत नाही. जो लिहीतही नाही आणि थांबतही नाही, त्याला कार्ड, तेही आवाज न चढवता.

फुटबॉलमध्ये 2019 पासून प्रशिक्षकांनाही पिवळे व लाल कार्ड दाखवता येते. कबड्डीतही कार्डे आहेत, पण गावच्या स्पर्धेत ते खिशातून निघाले की आयोजकच धावत येतात, “जाऊ द्या ना सर, पाहुणे आहेत,” आणि रात्री त्याच प्रशिक्षकाच्या शेजारी पंगतीत पंचाचे ताट मांडतात.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील आयोजकांना माझी विनंती आहे की, पंचांवरील आरोप लेखीच स्वीकारले जातील, हे त्यांनी स्पर्धेच्या पत्रकावर छापावे आणि पंचांचे मानधन पहिल्या सामन्याआधी सर्वांदेखत द्यावे. आज ते अंतिम सामन्यानंतर मंडपामागे, अंधारात, लिफाफ्यातून हाती पडते, आणि नेमके तेव्हाच हरलेला संघ तिथून आपल्या गाडीकडे निघालेला असतो.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक व कबड्डी पंच
अमळनेर, जि. जळगाव