आधी पाण्याचे बोला

संपादक महोदय,
स. न.

पाणथळ जागांच्या पुनरुज्जीवनासाठी निधी मंजूर झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. खर्चाचा तपशील वाचला की काळजी वाटते. जलपर्णी काढणे, गाळ उपसणे, काठाला दगडी पिचिंग, पायवाट, दिवे. पाणी कुठून येणार, किती टिकणार, कधी ओसरणार, याबद्दल अवाक्षर नसते.

ओडिशातल्या चिलिका सरोवराचे समुद्राकडचे मुख गाळाने आक्रसले होते. खारेपणा घटला, तण माजले, मासळी रोडावली. १९९३ मध्ये रामसर कराराच्या, म्हणजे पाणथळींच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोक्यातील पाणथळींच्या यादीत त्याची नोंद झाली. तिथल्या प्राधिकरणाने नुसते तण उपटत न बसता मूळ दुखण्याला हात घातला आणि सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडले. भरतीचे पाणी पुन्हा आत खेळू लागले, मासळी, कोळंबी, खेकडे वाढले आणि २००२ मध्ये चिलिकाचे नाव यादीतून निघाले. सरकारी यंत्रणेला हे जमते, हे मुद्दाम सांगायला हवे.

मणिपूरचे लोकताक सरोवर मात्र १९९३ पासून त्याच यादीत अडकले आहे. तिथल्या फुमदी म्हणजे गवत, मुळे आणि मातीचे तरंगते थर. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरले की ते तळाला टेकत, मुळांना पोषण मिळे आणि पावसाळ्यात ते पुन्हा वर येत. १९८३ मध्ये वीज प्रकल्पासाठी इथाई बंधारा सुरू झाला, तेव्हापासून पातळी बारमाही चढीच राहते. थर टेकतच नाहीत, पातळ होत जातात. याच थरांवर वसलेल्या केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातल्या दुर्मीळ सांगाई हरणांच्या पायाखालची जमीनच विरते आहे. सरोवरात इतरत्र माजलेल्या फुमदी मात्र यंत्रे लावून काढाव्या लागतात! वीज हवीच, पण उन्हाळ्यातले काही आठवडे तरी पाणी उतरू देण्यावर उघड चर्चा व्हायला नको का?

२०१७ च्या पाणथळ नियमांनुसार, त्यांच्या कक्षेतील पाणथळीत सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, होड्यांचे धक्के वगळता, पक्के बांधकाम करता येत नाही. तरीही पुनरुज्जीवन म्हटले की आधी काँक्रीटच का सुचते, हे अनाकलनीय आहे.

शासनाने प्रत्येक पाणथळीची महिनावार पाणीपातळी आणि बंधाऱ्याचे दरवाजे असल्यास ते उघडण्याचे वेळापत्रक स्थानिक भाषेत जाहीर करावे. ते ठरवताना मच्छीमारांना बैठकीत बसवावे, कारण पाणी कधी चढते-उतरते हे त्यांना रोज दिसते. तोवर सुशोभीकरणाच्या निविदा काढू नयेत.

आपला,
एक वाचक