शनिवारी टेबलावर, रविवारी कोणाच्या भरवशावर?

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी लांबली की शनिवार-रविवारी रिकामी पडणारी ऑपरेशन थिएटर चालू करा, असा तोडगा लगेच सुचवला जातो. महिनोन्महिने ताटकळणाऱ्या माणसाला तो पटणारच. पण थिएटर उघडणं सोपं. नंतरचे दोन दिवस रुग्णाला सांभाळणं अवघड, आणि धोका तिथेच आहे.

इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांतल्या 40 लाखांहून अधिक नियोजित शस्त्रक्रियांचा अभ्यास 2013 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. 30 दिवसांत मृत्यू ओढवण्याची शक्यता सोमवारच्या तुलनेत शुक्रवारच्या रुग्णांत 44 टक्क्यांनी, तर शनिवार-रविवारच्या रुग्णांत 82 टक्क्यांनी जास्त आढळली. मूळ धोका कमी असतो, सुट्टीच्या दिवशी येणारे रुग्णही वेगळे असू शकतात, त्यामुळे सगळा दोष वाराला देता येत नाही, हे मान्य. तरी शुक्रवारचा आकडा मला अस्वस्थ करतो. ते ऑपरेशन भर कामाच्या दिवशी होतं. सुट्टीत सापडतात ते नंतरचे दोन दिवस.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आत रक्तस्राव सुरू झाला, तर आधी नाडी वाढते, लघवी कमी होते. रक्तदाब बराच वेळ तग धरतो. रविवारी पहाटे नर्सच्या हे लक्षात येतं. निवासी डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकलेले, सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ घरून यायचा, वरिष्ठ सर्जन फोनवर. कोणीही कामात कसूर करत नाही आणि तरी तास निघून जातात.

सुट्टीतली ऑपरेशनं सरसकट बंद करा, असं मी म्हणत नाही. मोतीबिंदूसारखी, त्याच दिवशी घरी सोडता येणारी खुशाल करा. मोठी शस्त्रक्रिया मात्र शुक्रवार ते रविवार तिथेच व्हावी, जिथे रविवारी रात्रीही सोमवारइतक्या नर्स, हजर असलेले वरिष्ठ सर्जन व भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, सीटी आणि आयसीयूची खाट मिळेल. त्यासाठी आहे त्याच माणसांवर जादा ड्युट्या लादू नका, भरती करा. सर्जन सुट्टीवर जाताना रुग्ण कोणाकडे सोपवला, ते नाव केसपेपरवर लिहिलेलं हवं.

आणि संमतीपत्रावर सही घेण्याआधी रुग्णाला ही व्यवस्था सांगणं बंधनकारक करा. त्याला दिवस बदलून मागता यावा, आणि तसं केलं म्हणून त्याचा नंबर यादीच्या तळाशी जाऊ नये.

आपला,
एक नागरिक