रविवारची घाणेरी काढायची मोहीम : सर्व सदस्यांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला किनाऱ्याच्या पायवाटेच्या तोंडाशी जमायचं आहे. ऊन चढायच्या आत, नऊपर्यंत काम आटोपू.

या वेळी फक्त घाणेरी (म्हणजे टणटणी, बाहेरून आलेलं आणि झपाट्याने पसरणारं झुडूप) काढायची. मागच्या खेपेला उत्साहाच्या भरात मर्यादवेलीचा चांगला हातभर पट्टा उपटला गेला (त्यात मीही होतो), म्हणून आधीच सांगतो: आपट्यासारखं दुभंगलेलं जाडसर पान, जांभळट-गुलाबी फुलं आणि वाळूवर सरपटणारी वेल दिसली, की हात लावायचा नाही. तिच्या पेरापेरांतून मुळं फुटतात आणि तीच वाळू धरून ठेवते. ती गेली की वारा वाळूच्या टेकड्या पोखरायला लागतो.

घाणेरी ओळखायला सोपी. खोड चौकोनी, पान खरखरीत आणि चुरगळलं की उग्र वास. नुसती छाटून उपयोग नाही, बुंध्यातून पुन्हा फुटते. कुदळीने मुळासकट काढा. पिकलेली काळी फळं वेगळ्या पोत्यात भरा. पक्षी ती खातात आणि बी लांबवर पोचवतात.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाणी आणा. कुदळी चारच आहेत, घरी असेल त्यांनी आणावी. टेकड्यांवरून शॉर्टकट नको, पायवाटेनेच या. फोटो काढणाऱ्यांनीही, कृपया!

मोकळ्या झालेल्या जागेत केवडा लावायचं पावसाच्या तोंडावर बघू. येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवा.