दादाबरोबर पाठवलेली तबकडी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

येत्या शनिवारी दादा सांगलीला येत आहे, त्याच्याबरोबर एक तबकडी पाठवत आहे. मागच्या वेळी कुरिअरने पाठवलेली पापडासारखी वाकून पोहोचली होती, म्हणून ही त्याच्या हातातच दिली. अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल इव्हान्स आणि त्याच्या दोन साथीदारांची ही ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ पहिल्यांदा १९६२ साली निघाली होती. मूळ टेपवरून ती आता १८० ग्रॅम वजनाच्या तबकडीवर पुन्हा काढली आहे.

बाबा, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाही तर तुम्ही दोन मिनिटांत सुई उचलाल. हे ध्वनिमुद्रण २५ जून १९६१ रोजी, रविवारी, न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात झाले, आणि वादन चालू असताना तिथले लोक खुशाल बोलतात, मध्येच हसतात, पेले किणकिणतात. मैफलीत मागे कुजबुज झाली तरी मान वळवून बघणारे तुम्ही. तुमच्या कपाळावरची आठी मला इथून दिसते आहे. मीही आधी वैतागले होते. पण ‘माय फूलिश हार्ट’ ही पहिलीच चीज इतक्या संथ लयीत आणि इतक्या हळुवारपणे वाजते की, त्या गलक्यात आवाज न चढवता हे तिघे कसे वाजवत राहिले असतील, याचेच नवल वाटू लागते. त्या दिवशी दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन अशा पाच बैठका झाल्या. दुपारच्या पहिल्या बैठकीतल्या पहिल्याच चिजेत मध्ये वीज गेली होती, हे वाचून मला आपल्या गल्लीची आठवण झाली.

कान मात्र पियानोपेक्षा बासवर, म्हणजे खर्जाच्या त्या मोठ्या उभ्या तंतुवाद्यावर ठेवा. एरवी बासवाला लय आणि खालचा स्वर धरून मागे उभा राहतो. इथे पंचवीस वर्षांचा स्कॉट लाफारो पियानोला मधूनच उत्तर देतो, कधी त्याचे वाक्य अर्ध्यावर उचलतो. सारंगिया गायकाच्या मागोमाग न जाता स्वतःच बोलू लागला आणि गायकाने ते आनंदाने ऐकले, असे काहीसे समजा. पॉल मोटियन ड्रमवर बऱ्याचदा काड्यांऐवजी ब्रशच फिरवतो, त्यामुळे या दोघांचे बोलणे झाकले जात नाही. त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. त्याच बैठकांतून आधी निघालेल्या ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तबकडीची पहिली आणि शेवटची चीज त्याने रचलेली आहे, आणि इव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवले नाही. हे कळल्यापासून मला तो पेल्यांचा आवाजही नकोसा वाटत नाही. त्या खोलीत कोणालाच काही ठाऊक नव्हते.

आई, पहिल्या बाजूची दुसरी चीज तुझ्यासाठी. डेबी ही इव्हान्सची पुतणी, तिच्या नावाने त्याने ही रचना केली. सुरुवात तीन मात्रांत आहे, आणि पुढे ती केव्हा चार मात्रांत जाते ते चटकन लक्षात येत नाही. तू बोटांच्या पेरांवर मोजून पाहा आणि रविवारी फोनवर मला सांग. बाबांना वेग ३३ वर ठेवायला सांग, मागच्या वेळी ४५ वर राहिला होता.

तुमची,
धाकटी