मानकापूरच्या पॉलिशवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमच्या गॅरेजातून मी एक रुपयाचीही वस्तू घेतली नाही, तरी हातातली गाडी बाजूला ठेवून तुम्ही अर्धी दुपार माझ्यासोबत घालवली. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडं लिहितोय, कारण खिंडसी किंवा अंबाझरी तलावावर फायबरची बोट सांभाळणाऱ्या आणखी कुणाला तुमचं बोलणं कामी येईल.

बोटीला वॅक्स मारायला बॅटरीवरचं कोणतं बफिंग मशीन घेऊ, एवढाच माझा प्रश्न होता. दुकानांत जो तो आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, सांगत होता. तुम्ही उलट मलाच विचारलं, "मशीन मंग पाहू. बोट कुठं राहते? तिथं लाइट हाय का?" बोट खिंडसीच्या काठी ट्रॉलीवर, प्लग पार चहाच्या टपरीत. ओल्या मातीतून एक्स्टेंशन ओढायला तुम्ही साफ मनाई केली. बॅटरीचं मशीन घ्यायचं खरं कारण तेच ठरलं.

मग बोटीचा फोटो पाहून तुम्ही म्हणालात की हाताला पांढरी भुकटी लागत असेल, तर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा वरचा गुळगुळीत थर, उन्हानं खाल्लाय. त्यावर वॅक्स टिकणार नाही, आधी कंपाउंड, म्हणजे घासून काढायची पेस्ट, मारा. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर, गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक क्लिअर कोटपेक्षा कितीतरी जाड, त्यामुळे ते काम जोराचं आणि बॅटरी पिणारं. त्याच्यासाठी महागडं मशीन घ्यायला निघालो होतो, तर "बोट घरी आणा, माझं वायरवालं रोटरी न्या" म्हणत तुम्ही ते नुसतं गोल फिरणारं, जोराचं मशीन हातातच ठेवलं. रोटरी एका जागी थांबू द्यायचं नाही, जेलकोट जळतो, हा दमही सोबत मिळाला.

वॅक्ससाठी मात्र ड्युअल अ‍ॅक्शन. गोल फिरता फिरता हलत राहतं, त्यामुळे नवख्या हातानंही गोल ओरखडे फारसे पडत नाहीत. मऊ फोमचं पॅड, वेग खालचा, वॅक्स अगदी पातळ. पॅडमागच्या प्लेटवर मार्करनं रेघ मारायची तुमची युक्ती तर भारीच! बोटीच्या गोलाईवर दाब जास्त झाला की पॅड नुसतं थरथरतं, फिरत नाही. रेघ स्थिर दिसली की हात हलका करायचा.

बॅटरीचा हिशेबही तुम्हीच कागदावर मांडला. डब्यावर २० व्होल्ट लिहिलेलं असलं तरी आत ३.६ व्होल्टचे पाच सेल, म्हणजे १८. पाच अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास. मशीन ३०० वॅट ओढत असेल तर अठरा मिनिटं. एक बॅटरी पुरणार नाही, म्हणून माझ्या ड्रिलच्याच कंपनीचं, बॅटरीशिवाय नुसतं मशीन घेतलं. जुन्या बॅटऱ्या चालल्या, पैसे वाचले. आपल्या मे महिन्यात तापलेली बॅटरी चार्जर घेतच नाही, हेही बरं सांगितलंत. आता सकाळीच काम उरकतो, तसंही तापलेल्या फायबरवर वॅक्स नीट बसत नाही.

एका गोष्टीत मात्र तुमचं ऐकलं नाही. वाळलेलं वॅक्स मी मशीननं नाही, मायक्रोफायबरच्या फडक्यानं हातानंच पुसतो. राहिलेला डाग हाताला लगेच कळतो.

तुमचं रोटरी रविवारी आणून देतो. लोकरीचं पॅड धुऊन वाळत घातलंय.

आपला,
खिंडसीचा बोटवाला